गाडीची चावी डिकीत, आपण बाहेर. स्पेअर चावी नक्की ठेवायची कुठे?

निशांत_पुणे:
मंडळी, आधी हसून घ्या मग उत्तर द्या. दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला गेलो होतो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. बीचवर गाडी लावली, चावीवरचं डिकीचं बटण दाबून डिकी उघडली, सगळ्यांच्या पर्सा मोबाईल पाकिटं एका पिशवीत कोंबली आणि चावी वाळूत पडायला नको म्हणून मी ती स्वतःच्या हाताने त्याच पिशवीतल्या माझ्या पँटच्या खिशात नीट आत सारली. वर टॉवेल दाबला. आणि डिकी आपटली.

खट्.

तो आवाज आला तेव्हाच पोटात गोळा आला. चारी दारं ओढून बघितली, सगळी बंद. मोबाईल आत, पैसे आत, रोडसाइड असिस्टन्सचा नंबर असलेली पॉलिसी ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे तीही आत. स्पेअर चावी पुण्यात कपाटात, सहा तासांवर, आणि त्या घराचीही किल्ली डिकीत! नारळपाणीवाल्याने बिचाऱ्याने फोन दिला तर मला पाठ असलेला एकमेव नंबर म्हणजे आमचा जुना लँडलाइन, जो कधीच कापून टाकलाय. बायकोचा नंबर पण पाठ नाही, असता तरी तो डिकीतच वाजला असता म्हणा. पाण्यात कुणी उतरलंच नाही.

शेवटी नारळवाल्याच्या ओळखीच्या रिक्षावाल्याच्या ओळखीचा चावीवाला चिपळूणहून बाइकवर आला, दोन तासांनी. त्याने दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक चपटी पिशवी सरकवली, डॉक्टर बीपी बघताना दंडाला गुंडाळतात ना अगदी तशी, हाताने पंप मारून फुगवली, दार बोटभर फाकलं, त्यातून लांब सळई घालून आतलं हँडल ओढलं. चार मिनिटं. दार उघडलं आणि अलार्म असा काही बोंबलला की अख्खा बीच आमच्याकडे बघायला लागला, जसे काही आम्हीच चोर. मग सीटजवळचा खटका ओढून डिकी उघडली. पंधराशे घेतले, मी दोन हजार दिले.

आता प्रश्न. एक, डिकी आपोआप लॉक झालीच कशी, गाडीत फॉल्ट आहे का? दोन, अजून एक चावी करून घ्यायचीय, शोरूम साडेनऊ हजार आणि दोन आठवडे सांगतंय, चौकातला चावीवाला अडीच हजारात रिमोटसकट देतो म्हणतो. तीन, ती ठेवायची कुठे? मेव्हणा म्हणतो लोहचुंबकाच्या डबीत घालून बंपरखाली चिकटव.

तिसरागिअर:
निशांतभाऊ, फॉल्ट बिल्ट काही नाही. सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीत, डिकीचं बटण फक्त डिकीच उघडतं, दारं होती तशीच लॉक राहतात. आणि सेडानची डिकी आपटली की ती बंद म्हणजे लॉकच. दारं उघडण्याचं बटण दाबून मग डिकी उघडली असती तर हे झालं नसतं. म्हणजे, झालं असतंच बहुतेक, कारण बऱ्याच गाड्यांत रिमोटने अनलॉक केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात कुणी दारच उघडलं नाही तर गाडी परत स्वतःहून लॉक होते. चुकून खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून केलेली सोय आहे ती.

चावीबद्दल. तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी लागतायत आणि तुम्ही त्या एकच समजताय. गाडी चालू करायला चिप लागते. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात इवलीशी चिप असते, तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवती, म्हणजे चावी घालून फिरवतो त्या भोकाभोवती, जी रिंग असते तिच्यातून तिला पुरेशी वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा नसेल तर इंजिन चालू होत नाही, यालाच इमोबिलायझर म्हणतात. पण दार उघडायला यातलं काहीच लागत नाही, नुसतं चावीचं धातूचं पातं बरोबर कापलेलं पाहिजे. तुम्ही गुहागरला अडकलात ते दारापाशी, इंजिनापाशी नाही! तेव्हा बिनचिपची साधी चावी कापून घ्या, काही शेकड्यांत होते. चपटी असते, पाकिटात राहते, आणि कुणाच्या हाती लागली तरी तो गाडी घेऊन जाऊ शकत नाही. फक्त तिने दार उघडलंत की अलार्म बोंबलण्याची शक्यता आहे, तर घाबरू नका, आतली खरी चावी हातात आली की अनलॉक दाबा, गप्प बसतो. आणि कापून घेतल्यावर दुकानासमोरच दाराला लावून बघा, माझ्या पहिल्या चावीने कुलूप अर्धंच फिरत होतं आणि ते मला चार महिन्यांनी भर पावसात कळलं.

गिरगावकर:
आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला पुढच्या दारांना ती तिकोनी फिरती काच असायची. चावी आत राहिली की ती काच जरा हलवायची, हात घालायचा, खटका वर, विषय संपला. टॅक्सीवाले तर बोलता बोलता करायचे. नंतर मारुती ८०० आली तेव्हा शाळेच्या स्टीलच्या पट्टीवर काम भागायचं, काच आणि रबराच्या मधून खाली सोडायची. आणि जुन्या झिजलेल्या चावीने दुसऱ्याची मारुती उघडली असे किस्से तर प्रत्येक सोसायटीत एक. आता मुलाच्या गाडीत पट्टी घालायला गेलो तर तो ओरडला, बाबा आत वायरिंग आहे. खरंय त्याचं, हल्ली दारात काच वरखाली करायची मोटर, स्पीकर, काय काय असतं, पट्टीने एखादी वायर तुटली तर चावीवाल्यापेक्षा जास्त बिल. हवेची पिशवीच बरी, पण माणूस माहितगार पाहिजे नाहीतर दाराची कड वाकते आणि मग जोरात गेलं की वारा शिट्टी मारतो.

कोल्हापुरी_ताई:
विषय स्पेअर चावीचा आहे पण मी एक वेगळं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवला, रडू नये म्हणून हातात चावी दिली खेळायला, आणि दार लावून पुढे यायला वळले तेवढ्यात त्याने लॉकचं बटण दाबलं. एप्रिल महिना, दुपारी बारा, पेट्रोल पंपाच्या बाहेर. मी काचेतून त्याला सांगतीय बाळा दुसरं बटण दाब, तो हसतोय. पहिली दोन मिनिटं मीही हसत होते. मग त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला आणि त्याने चावी खाली टाकली.

पंपावरचा मुलगा म्हणाला चावीवाल्याला फोन लावतो, अर्ध्या तासात येईल. तिथे एक वयस्कर ट्रक ड्रायव्हर होते त्यांनी मला विचारलं सुद्धा नाही, सरळ पाना आणला आणि म्हणाले ताई बाळ डावीकडं हाय नव्हं, मग आपण उजवीकडची पुढची फोडू. काचेच्या मधोमध नाही, खालच्या कोपऱ्यात मारला. दुसऱ्या फटक्याला सगळी काच साबुदाण्यासारखी खाली सांडली, बाजूच्या काचा तशाच फुटतात, धारदार तुकडे होत नाहीत. पुढची मोठी काच फोडायच्या नादाला लागू नका, ती दोन थरांची असते, तडे जातात पण पडत नाही.

बंद गाडी उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते, लहान मूल मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं. त्यामुळे आत मूल असेल तर चावीवाला, शोरूम, नवऱ्याला फोन हे काही करायचं नाही. ११२ लावा आणि लावता लावता काच फोडा. काच तीन हजारात बसली. साबुदाणे मात्र वर्षभर सीटच्या फटीतून निघत होते.

निशांत_पुणे:
ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचा धाकटा पण चावी मागत असतो. आजपासून बंद.

पॉलिसीवाला:
इन्शुरन्सच्या बाजूने दोन गोष्टी, कारण हे लोकांना क्लेमच्या वेळीच कळतं. गाडी चोरीला गेली तर कंपनी तुमच्याकडे दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते. एकच असेल तर दुसरी कुठे गेली याचं उत्तर द्यावं लागतं, आणि "बहुतेक गाडीतच होती" हे उत्तर दिलंत तर तुम्हीच निष्काळजीपणा कबूल केला असा अर्थ निघतो. म्हणून स्पेअर चावी ग्लोव्हबॉक्समध्ये नको आणि बंपरखालच्या डबीत तर मुळीच नको, मेव्हण्याला माझा नमस्कार सांगा. चोरांना ती जागा तुमच्या आधी माहीत असते, आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता डबी वाटेत कधी पडली ते कळणारही नाही.

चावी हरवलीच तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून ठेवा, पुणे मुंबईत ऑनलाइन होते, पाच मिनिटांचं काम. चौकातल्या चावीवाल्याबद्दल माझं मत: माणूस ओळखीचा असेल, दुकान कायमचं असेल तर हरकत नाही, चिप प्रोग्राम करणारे चांगले लोक आहेत. पण तो नवीन चावी गाडीला ओळखायला शिकवतो तेव्हा जुनी हरवलेली चावी मेमरीतून काढ म्हणून आठवणीने सांगा, नाहीतर ती सापडलेला माणूस गाडी सुरू करू शकतो. तुमची हरवलेली नाही म्हणून तुम्हाला हे लागू नाही. आणि नवीन गाडीबरोबर बऱ्याच कंपन्या चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी देतात, लोक ती कचरा समजून टाकतात. त्याच नंबरवरून नवीन चावी कापता येते. तिचा फोटो काढून गाडीत नाही, घरी ठेवा. सेकंडहँड गाडी घेताना तर दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊच नका.

ठाण्याचा_ठोंब्या:
बटण स्टार्टवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची गाडी चावी न फिरवता बटण दाबून चालू होते त्यांच्यासाठी, माझ्याकडून. बेसमेंट पार्किंगमध्ये रिमोटचा सेल संपला, दार उघडेना, मी गाडी टो करायला फोन लावला. सोसायटीच्या वॉचमनने माझ्या हातातलं ते रिमोट घेतलं, बाजूचा खटका दाबला आणि त्यातून सुळकन एक पातं बाहेर काढलं! चार वर्षं ती चावी खिशात घेऊन फिरत होतो. ड्रायव्हरच्या दाराला भोक असतं, काही गाड्यांत हँडलवरच्या टोपीखाली लपवलेलं असतं. आत बसल्यावर रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबायचं, सेल मेलेला असला तरी बऱ्याच गाड्या चालू होतात. सेल म्हणाल तर नाण्यासारखा, माझ्यात सीआर २०३२ बसतो, पण मागे छापलेला नंबर बघून घ्या, सगळ्यांत एकच नसतो.

मोबाईल ॲपवरून दार उघडायची सोय आहे ती पण भारी आहे म्हणा, पण मोबाईलच डिकीत असेल तर निशांतला त्याचा उपयोग शून्य.

निशांत_पुणे:
सगळ्यांचे आभार. काल साधी चावी कापून आणली, साडेतीनशे घेतले, दुकानासमोर चारदा लावून बघितली, अलार्म बोंबलला, दुकानदार वैतागला. ओरिजिनल स्पेअर कपाटातून काढून कोथरूडला बहिणीकडे ठेवली, आणि तिचा नंबर आता बसून पाठ करतोय.

तिसरागिअर:
आणि साधी चावी पाकिटात ना?

निशांत_पुणे:
तेच करणार होतो. मग लक्षात आलं, पाकीट पण त्याच पँटमध्ये होतं की! बायकोची पर्स पण डिकीत. त्या दिवशी आमच्या पाचांत डिकीबाहेर राहिलेली एकच वस्तू होती, आईचा बटवा. ती पाण्यात उतरत नाही, सुरूच्या झाडाखाली चटई टाकून बसते आणि बटवा कमरेचा काढत नाही म्हणजे नाही. चावीवाल्याचे पैसे निघाले तेही पिशवी बाहेर आल्यावर, तोपर्यंत पोरांना नारळपाणी आणि भजी तिच्याच बटव्यातून झाली.

तर चावी आता तिथे आहे, सुपारी आणि अडकित्त्याच्या शेजारी. आईने एकच अट घातलीय, यापुढे तिला सोडून गाडी पुण्याबाहेर न्यायची नाही. बायकोने अजून यावर मत दिलेलं नाही.