माओरी फोटो प्रोजेक्ट, न्यूझीलंडला जाऊ का?

सांगलीचं_पोरगं: रोटोरुआला माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या, संस्कृतीवर फोटो प्रोजेक्टची इंटर्नशिप मिळतीय, पगार नाही वर फी आपणच भरायची, पप्पा म्हणतायत त्यापेक्षा विश्रामबागला स्टुडिओ टाक, लग्नाच्या ऑर्डरी घे. काय करू?

कृष्णाकाठ: फी कशाची ते लेखी माग आधी. फोटोंचा हक्क कुणाचा तेही.

वाईकर: जून-जुलैत जा, मातारिकी असतं, कृत्तिका पहाटे दिसल्या की त्यांचं नवीन वर्ष, २०२२ पासून सरकारी सुट्टी पण आहे. थंडी असते हां तेव्हा. मराएवर, म्हणजे त्यांच्या सभेच्या आवारात, गेल्या गेल्या कॅमेरा काढू नको, आधी स्वागताचा विधी होतो, सभाघरात चपला बाहेर, आणि चेहऱ्यावरचं मोको (गोंदण) म्हणजे त्या माणसाचं घराणंच, विचारल्याशिवाय क्लोजअप नाही. बावधनच्या बगाडात कुणी तोंडासमोर लेन्स धरली तर चालंल का आपल्याला?

सांगलीचं_पोरगं: मेल टाकला फीचा. पप्पांना काय सांगू ते पण सुचवा की.