'फिल्टर चालत नाहीये' म्हणजे नक्की कुठला फिल्टर? (जंक, स्पॅम, चाळणी, छाननी)

मूळ प्रश्न :
मंडळी, कम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रामच्या सूचना मराठीत लिहून काढतोय, घरातल्या मोठ्यांसाठी, आणि पहिल्याच पानावर गाडी अडकलीये. प्रोग्राममध्ये 'जंक' लिहिलंय, ब्राउझरमधून तोच अकाउंट उघडला की तेच फोल्डर 'स्पॅम' म्हणून दिसतं, आता दोन शब्द दिसले की वाचणाऱ्याला वाटणार भानगडी पण दोन आहेत. मराठीत एकच शब्द ठेवावा का? 'कचरा' सुचला होता पण डिलीट केलेल्या मेलच्या फोल्डरला तोच लागेल. आणि फिल्टरला काय म्हणायचं, चाळणी की गाळणी?
अजून एक, शब्दचर्चेत बसत नाही तरी विचारून घेतो. वरचा मेल प्रोग्राम म्हणजे थंडरबर्ड, तोच वापरतो. ज्या स्पॅमवर पाठवणारा म्हणून माझाच पत्ता असतो ती कितीही वेळा जंक केली तरी पुढची इनबॉक्समध्येच येते. बाकीची बरोबर पकडली जाते. फिल्टर चालत नाहीये असं म्हणावं तर चालतोय पण.

प्रतिसाद १ :
जंक म्हणजे मुळात जहाजावरचे जुने, कामातून गेलेले दोर. स्पॅम हे १९३७ साली बाजारात आलेल्या डबाबंद मांसाचं नाव, मग १९७० मध्ये मॉन्टी पायथन ह्या ब्रिटिश मंडळींच्या विनोदी कार्यक्रमात तो शब्द इतक्या वेळा ओरडला गेला की पुढे नेटवर एकच गोष्ट सगळीकडे ओतत सुटणाऱ्यांना तेच नाव चिकटलं. (तसा प्रकार नावाच्या आधीपासूनचा आहे, १९७८ मध्ये आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, शेकडो जणांना एकगठ्ठा जाहिरात गेलीच होती.) माझ्या मते फरक असा की स्पॅम ही पाठवणाऱ्याची करणी आणि जंक हा घेणाऱ्याचा निकाल. तुम्ही स्वतः नाव नोंदवून मागवलेली जाहिरात तुमच्यासाठी जंक होऊ शकते, स्पॅम नाही. 'नकोशी मेल' म्हणा, दोन्हीला चालतं.

प्रतिसाद २ :
'अनाहूत' पण वापरतात काही जण पण तो मला पटत नाही. अनोळखी माणसाने कामासाठी पाठवलेली पहिली मेल पण अनाहूतच असते की, तिला काय जंकमध्ये टाकायचं?

प्रतिसाद ३ :
खरा घोळ जंक-स्पॅमचा नाहीये, 'फिल्टर' शब्दाचा आहे. लोक 'फिल्टर चालत नाही' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीतरी एक बिघडलेली असते आणि शब्द एकच असल्यामुळे भलत्याच ठिकाणी शोधाशोध होते.
पहिला सर्व्हरवरचा. तो मेल तुमच्या कम्प्युटरपर्यंत यायच्या आधीच निकाल लावतो, बऱ्याच ठिकाणी स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्राम असतो, तो मेलला गुण देतो आणि गुण ठरलेल्या आकड्याच्या वर गेले (मूळ सेटिंगमध्ये ५) की हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या सहसा न दिसणाऱ्या माहितीत, शिक्का मारतो. दुसरा तुम्ही स्वतः लिहिलेले नियम, म्हणजे विषयात अमुक शब्द असेल तर तमुक फोल्डरात टाक. ह्याला चाळणी म्हणा खुशाल, भोकं एकदा पाडली की पाडली, स्पॅमवाल्याने एका अक्षराच्या जागी शून्य टाकलं की मेल आरपार. तिसरा म्हणजे थंडरबर्डचा स्वतःचा शिकणारा जंक फिल्टर. तो मेलमधले शब्द सुटे करून बघतो की हा शब्द आधी जंकमध्ये किती दिसलाय आणि चांगल्यात किती, आणि त्यावरून शक्यता काढतो, ते गणित थॉमस बेज ह्या अठराव्या शतकातल्या पाद्र्याचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलेलं. ह्याला चाळणी म्हणणं चूक, ही छाननी आहे, उमेदवारी अर्जांची असते तशी, प्रत्येक अर्ज उघडून बघायचा.
आता तुमचा प्रश्न. बाकीची स्पॅम पकडली जाते म्हणजे छाननी चालू आहे, पण तुमच्या पत्त्याची मेल छाननीला जातच नाहीये. अकाउंट सेटिंगमध्ये जंकच्या पानावर एक खूण असते, पाठवणारा अॅड्रेस बुकात असेल तर आपोआप जंक ठरवू नको अशी. तुम्ही स्वतःला कधीतरी मेल पाठवली असणार, त्यामुळे 'कलेक्टेड अॅड्रेसेस'मध्ये (ज्यांना मेल पाठवता त्यांचे पत्ते आपोआप जमा होतात ते अॅड्रेस बुक) तुमचाच पत्ता जाऊन बसलाय, आणि 'फ्रॉम'मध्ये (पाठवणाऱ्याच्या रकान्यात) कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो. तिथून स्वतःला काढा. एखाद्या स्पॅमला कधी उत्तर दिलं असेल तर तो महाभागही तिथेच सापडेल.

प्रतिसाद ४ :
'छाननी' झकास. पण छाननी चुकते तेव्हा काय म्हणायचं? चांगली मेल जंकमध्ये गेली तर 'नाहक अडकलेली' आणि जंक इनबॉक्सात आली तर 'निसटलेली', असं सुचवतो. दोन्ही एकाच दिवशी झालं तर त्याला म्हण आधीपासून तयार आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यातली नाहक अडकलेली जास्त वाईट, कारण ती अडकलीये हेच आपल्याला कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
सापडला! कलेक्टेड अॅड्रेसेसमध्ये मीच होतो, शिवाय मुख्य अॅड्रेस बुकात पण होतो. दोन्हीकडून काढला. पण आधी आलेल्या तसल्या मेल अजून इनबॉक्समध्येच आहेत त्या जात नाहीत. आणि जंक काय, चांगलं काय हे फिल्टरला शिकवणं, त्या 'ट्रेन करणे'ला शब्द द्या, 'प्रशिक्षण' लिहिलं की सरकारी शिबिर वाटतं.

प्रतिसाद ३ :
आलेल्या मेल पुन्हा आपोआप तपासल्या जात नाहीत, तपासणी येतानाच होते. टूल्स मेनूत त्या फोल्डरवर जंक तपासणी चालवायचा पर्याय आहे तो वापरा. ट्रेनिंगला 'वळण लावणं' म्हणा की सरळ. आणि वळण दोन्ही बाजूंनी लावावं लागतं हे सूचनांमध्ये ठळक लिहा. सगळे नुसतं 'J' हे बटण दाबून जंक-जंक करत सुटतात, शिफ्ट धरून 'J' दाबून 'ही जंक नाही' असं कोणी सांगतच नाही, मग फिल्टरला चांगली मेल कशी दिसते ते कळणार कुठून, तो दिसेल त्याला जंक म्हणत सुटतो. आणि नुसतं डिलीट करण्यातून तो काहीच शिकत नाही. वळण अगदीच बिघडलं असेल तर ट्रेनिंग डेटा रीसेट करा, पण जपून, तो डेटा त्या प्रोफाइलमधल्या (थंडरबर्डच्या एका मांडणीतल्या) सगळ्या अकाउंटचा एकच असतो.

प्रतिसाद ५ :
हे पण लिहा की ही छाननी आणि ती चाळणी दोन्ही कम्प्युटरवर थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात. प्रोग्राम बंद असताना फोनवर स्पॅम दिसली तर ती सर्व्हरकडून निसटलेली, थंडरबर्डला शिव्या देऊ नयेत.

प्रतिसाद २ :
सगळं ठरलं पण मेल 'आला' की 'आली' की 'आलं'? वर तर मेल येते, मेल जाते.

मूळ प्रश्नकर्ता :
घरात 'आली' म्हणतात, तेच ठेवतोय. तेवढा एक वाद इथे नको, आधीचे धागे बघा कुठवर गेलेत.