चेक इंजिनचा दिवा घालवला तरी परत लागतो, मदत हवी आहे (नाशिक)

मेनरोडकर: स्कॅनर लावून दिवा घालवला की थोडे दिवस बरं असतं. मग द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की परत पेटतो. ऑक्सिजन सेन्सर नवीन टाकून झाला. आता गॅरेजवाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) बदला म्हणतात. शनिवारी मुंबईला निघायचंय. जाऊ का? लवकर सांगा.

सातपूरकर: गाडी कोणती, स्कॅनरवर दोषाचा कोड काय, हे कुठे लिहिलंय? दिवा स्थिर आहे की लुकलुकतो? लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात चालू आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. तसं असेल तर गाडी बाजूला घ्या.

रानवारा: इतकं काही नसतं हो. बॅटरीची निगेटिव्ह १५ मिनिटं काढून ठेवा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिसेट होतो.

सातपूरकर: कृपया काढू नका. कोड जातो, त्याच्यासोबत फ्रीज फ्रेम ही नोंदही जाते. कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती हे त्यातच असतं. दोष तसाच राहतो आणि पुरावा मात्र पुसला जातो.

घाटमाथा: डीपीएफ (डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर) चोक झाला असणार. हायवेला चौथ्या गिअरमध्ये २० मिनिटं २५०० आरपीएमच्या आसपास चालवा.

मेनरोडकर: डिझेल नाहीये, दादा. २०१६ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. कोड पी०१७१. दिवा स्थिर.

इंदिरानगरकर: पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. कन्व्हर्टर खराब असता तर पी०४२० आला असता, त्यामुळे तो खर्च आधी थांबवा. सेन्सरही बहुधा खरंच सांगत होता. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा. इंजिन पूर्ण गरम करून, एसी बंद ठेवून शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, आत्ताचा आणि सरासरी आकडा) बघा, एकदा आयडलला (रेस न देता) आणि एकदा २५०० आरपीएम धरून. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी झाला तर कुठूनतरी हवा ओढतेय. रेसबरोबर वाढत गेला तर पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर किंवा घाण झालेला मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर).

रानवारा: ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे सगळ्यांचं हेच चाललंय. मायलेजही पडलं.

इंदिरानगरकर: ई-२० ला पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवेऐवजी साधारण १३.५ पट लागते, म्हणून ट्रिम थोडा प्लसमध्ये सरकतो, हे बरोबर. पण तो सगळ्या आरपीएमला साधारण सारखाच सरकतो. आकडे येऊ द्या.

मेनरोडकर: लाँग टर्म आयडलला +२२, २५०० ला +५. सीएनजीवर पण तेवढंच.

सातपूरकर: सीएनजी?! हे पहिल्या ओळीत हवं होतं, साहेब. कंपनी फिटेड की बाहेरून?

मेनरोडकर: बाहेरून, सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर). दिवा पेट्रोलवर लागतो म्हणून सांगितलं नाही.

घाटमाथा: सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झालीय का? दर ३ वर्षांनी लागते. आरसीवर नोंद आहे ना?

सातपूरकर: तेही बघा, पण दिव्याशी त्याचा संबंध नाही. एअर फिल्टर बॉक्सनंतर पाइपवर सेन्सर आहे का? असला तर तो बहुधा मॅफ. त्याच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून तेवढीच गळती तिथे मोठी दिसते. तुमच्या किटमध्ये गॅस इंजेक्टर रेलपासून मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) भोकं पाडून बसवलेल्या नोझलपर्यंत चार बारीक होज आहेत. उष्णतेने त्यांचं रबर कडक होऊन नोझलच्या टोकाला चिरतं. पेट्रोलवर गॅस इंजेक्टर बंद असतो, पण चिरेतून मॅनिफोल्ड हवा ओढतच राहतो.

आयडलला, पेट्रोलवर, एकेक होज मॅनिफोल्डजवळ कापड गुंडाळलेल्या पक्कडने दाबा. शॉर्ट टर्म ट्रिम झपकन खाली आला की तोच होज. चारही दाबून फरक पडला नाही तर चीर अगदी टोकाला क्लिपखाली असेल किंवा नोझलचा आटा गळत असेल. तिथे हाताने हलवून बघा. गळती शोधायला कार्ब क्लीनरचा स्प्रे गरम एक्झॉस्टजवळ मारू नका, तो पेटतो. गॅसवर बॉनेटमध्ये वास येतो का?

मेनरोडकर: सेन्सर आहे. हलका वास येतो. तिसरा होज दाबला की शॉर्ट टर्म एकदम मायनसमध्ये, सोडला की परत वर. क्लिपच्या जरा वर उभी चीर आहे, वाकवल्यावरच दिसते.

सातपूरकर: चारही होज बदला, सीएनजीचेच, एकाच आतल्या व्यासाचे आणि सारख्या लांबीचे. लांबी कमी-जास्त झाली तर सिलिंडरना गॅस वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि गॅसवर मिसिंग मारते. साधा पाण्याचा किंवा पेट्रोलचा पाइप चालणार नाही. क्लिपाही नव्या. मग कोड पुसून नुसत्या पेट्रोलवर चालवा आणि लाँग टर्म खाली येतोय का बघा. हा दोष सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद करणं) दिसला तरच दिवा लागतो, म्हणून अधूनमधून पेंडिंग कोडही (दिवा लागण्याआधी नोंदलेला) तपासा.

रानवारा: मग बॅटरी काढू का नको?

इंदिरानगरकर: नको. मेनरोडकर, वास येतोय म्हणजे गॅस बाहेर पडतोय. होज बदलेपर्यंत गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि गाडी पेट्रोलवरच ठेवा. शनिवारच्या आत होज मिळाले नाहीत तरी पेट्रोलवर घाट उतरायला हरकत नाही, फक्त दिवा लुकलुकला तर थांबा.