एचडी डीव्हीडी, ब्लू-रे, फोर-के: जुना संग्रह कसा वाचवावा, नवा प्लेअर कोणता घ्यावा?

काठावरचा_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. संग्रहात एचडी डीव्हीडी (ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेला डिस्कचा प्रकार) आणि ब्लू-रे दोन्ही आहेत. एचडी डीव्हीडीसाठी तोशिबाचा एचडी-ए२ आहे. तो डिस्क ओळखायला फार वेळ लावतो, आणि काही डिस्क हमखास मध्येच अडकतात. टीव्ही नवा आहे, फोर-के आणि एचडीआरवाला (उजेड-अंधाराचा जास्त आवाका दाखवणारा). साउंडबारला ईआर्क (टीव्हीतून पूर्ण दर्जाचा आवाज एचडीएमआयने आणणारी सोय) आहे.

तीन शंका आहेत. एचडी डीव्हीडींचं काय करावं? ब्लू-रे आणि फोर-के डिस्कसाठी एकच प्लेअर घ्यायचा तर कोणता? आणि डिस्कवर आता पैसे घालण्यात अर्थ आहे का? शोधलं तर २००७-०८ सालची भांडणंच समोर येतात.

निळा_किरण

पहिलं काम घाईचं आहे, बाकीची दोन थांबू शकतात. एचडी डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. प्लेअर दुरुस्त करत बसू नका.

एचडी डीव्हीडीची मुख्य कंपनी तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ ला हात वर केले, म्हणजे हा प्रकारच सोडून दिला. त्यामुळे वाचणारी जी यंत्रं आज आहेत ती सगळी त्याच काळातली, आणि त्यांचे लेसर म्हातारे झालेत. त्यातून डिस्कही बिघडतायत. एचडी डीव्हीडीची बांधणी डीव्हीडीसारखीच: ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. मधला गोंद किंवा परावर्तक थर खराब झाला की डिस्क दिसायला लखलखीत आणि वाचायला शून्य. वॉर्नर स्टुडिओच्या त्या काळातल्या डिस्कची ही तक्रार जास्त आहे. २००६ ते २००८ मध्ये बनलेल्या काही डीव्हीडींबाबत तर कंपनीने २०२५ मध्ये ते मान्यही केलं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वॉर्नर, मग एका बाजूला डीव्हीडी असलेल्या कॉम्बो डिस्क, मग उरलेल्या. उजेडात धरून ढगाळ डाग किंवा दुधाळ कडा दिसल्या तर ती डिस्क रांगेत पुढे घ्या. पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पूर्ण वाचून होते की नाही हीच खरी परीक्षा.

ड्राइव्हसाठी दोनच व्यवहार्य पर्याय आहेत. एक, एक्सबॉक्स ३६० साठी आलेला बाहेरचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह. यूएसबीने कुठल्याही कॉम्प्युटरला लागतो, मात्र त्याचा स्वतःचा पॉवर अ‍ॅडॉप्टर सोबत हवा; नुसत्या यूएसबीवर तो चालत नाही. दुसरा, एलजीचा जीजीसी-एच२०एल किंवा जीजीडब्ल्यू-एच२०एल. हे कॉम्प्युटरच्या आत बसणारे साटा ड्राइव्ह ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही वाचतात. जुना घेताना मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर पडताळा, कारण एलजीचे पुढचे बहुतेक ड्राइव्ह एचडी डीव्हीडी वाचतच नाहीत.

पुढचं सरळ आहे. मेकएमकेव्ही (डिस्कवरचा सिनेमा फाइलीत उतरवणारं सॉफ्टवेअर) उघडा, डिस्क घाला, मुख्य शीर्षक आणि हवे तेवढे आवाजाचे ट्रॅक निवडून एमकेव्ही फाइल करा. पूरक चित्रफिती हव्या असतील तर सेटिंगमध्ये किमान लांबीचा आकडा कमी करा, नाहीतर छोटे तुकडे यादीत येतच नाहीत. चित्र पुन्हा एन्कोड करू नका, जसं आहे तसंच ठेवा. एक सिनेमा साधारण २० ते २८ जीबी, म्हणजे एक टीबीत ढोबळमानाने चाळीसेक बसतात. स्वतःच्या डिस्कची प्रत काढण्याबद्दलचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते मात्र आधी बघून घ्या.

मध्यरात्रीचा_खेळ

+१. दोन गोष्टींची भर घालतो.

बहुतेक एचडी डीव्हीडींवरचं चित्र व्हीसी-१ या जुन्या चित्र-संकेतात आहे. टीव्हीच्या आतल्या प्लेअरला ते चालेलच असं नाही. आवाज येतो आणि पडदा काळा, असं झालं तर फाइल खराब समजून टाकून देऊ नका. कॉम्प्युटरवर व्हीएलसी किंवा कोडी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये लावून बघा.

दुसरं, वाचताना 'मीडियम एरर' आला की लगेच तीच डिस्क पुन्हापुन्हा रेटू नका. पुसा, ड्राइव्ह थंड होऊ द्या, मग पुन्हा लावा. तरी नाही जमलं तर ड्राइव्ह बदला. एकाला न जमलेली डिस्क दुसरा वाचतो हे नेहमीचं आहे, कारण प्रत्येक ड्राइव्हचा लेसर वेगळ्या प्रमाणात मंदावलेला असतो.

काठावरचा_प्रेक्षक

आभार. बिघडत्या डिस्कवरून डेटा उतरवणारं डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याने आख्खी डिस्क आयएसओ (एका फाइलीतली हुबेहूब प्रत) करून ठेवली तर? एमकेव्ही नंतर सवडीने करता येईल.

निळा_किरण

तिथे अनेकजण फसतात. या डिस्कवर एएसीएस नावाचं कॉपी रोखणारं कुलूप आहे. ते उघडायला डिस्कचा 'व्हॉल्यूम आयडी' लागतो, आणि तो साध्या सेक्टरमध्ये नसतो. ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअरने एकमेकांची ओळख पटवल्यावरच ड्राइव्ह तो देतो. डीडीरेस्क्यू ते करत नाही. म्हणजे आयएसओ तयार होतो, पूर्णही दिसतो, आणि डिस्क मेल्यावर कळतं की किल्लीच घेतलेली नाही. डिस्क ड्राइव्हमध्ये आहे तोवरच उलगडलेली प्रत काढा.

आणि प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. कोऱ्या ब्लू-रे डिस्कवर, म्हणजे बीडी-आरवर, ठेवायची असेल तर एक थराची २५ जीबीची बऱ्याच सिनेमांना अपुरी पडते, ५० ची लागते. डबीवर 'एलटीएच' लिहिलेल्या बीडी-आर टाळा. त्यात सेंद्रिय रंगद्रव्य असतं आणि दीर्घ साठवणीला ते भरवशाचं नाही. नेहमीच्या एचटीएल प्रकारात असेंद्रिय थर असतो.

थरावर_थर

प्लेअर अडकण्याबद्दल. एचडी-ए२ हळू चालतोय यात बिघाड असेलच असं नाही, ती पिढीच तशी होती. पहिला एचडी-ए१ तर आतून पेंटियम ४ वाला कॉम्प्युटरच होता. हमखास त्याच जागी अडकत असेल तर डिस्क संशयित. कुठेही, कुठल्याही डिस्कला अडकत असेल तर लेसर.

ओरखडे घालवायला घासून पॉलिश करणारं यंत्र वापरायचा मोह होतो. एचडी डीव्हीडीत माहिती पृष्ठभागापासून ०.६ मिमी आत आहे, त्यामुळे हलकं पॉलिश एकवेळ चालून जातं. ब्लू-रेला ते यंत्र कदापि लावू नका. तिथे माहितीवर फक्त ०.१ मिमीचं आवरण आहे आणि त्यावर कठीण लेप. लेप घासला गेला की डिस्क गेली. सुरुवातीला तर ब्लू-रे कार्ट्रिजमध्येच ठेवायची योजना होती. टीडीकेसारख्यांनी कठीण लेप आणला म्हणून उघडी डिस्क शक्य झाली.

या ०.१ मध्येच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. दोन्हींचा लेसर एकच, निळा, ४०५ नॅनोमीटरचा. एचडी डीव्हीडीने भिंगाचं छिद्रमान (किरण किती तिरके एकवटतात ते माप) ०.६५ ठेवलं, म्हणून डीव्हीडीची जाडी आणि डीव्हीडीचेच कारखाने किरकोळ बदलांनी चालले. थराला १५ जीबी. ब्लू-रेने ते ०.८५ वर नेलं. ठिपका बारीक झाला, थराला २५ जीबी मिळाले. पण इतक्या तिरक्या किरणांना आवरण जाड असून चालत नाही, डिस्क किंचित वाकडी असली तरी ठिपका फिसकटतो. म्हणून आवरण पातळ, म्हणून नवे कारखाने. एचडी डीव्हीडी स्वस्त पडायची ती यामुळे.

मध्यरात्रीचा_खेळ

आणि नुसती स्वस्त नव्हे, पहिल्या दिवसापासून नियम पूर्ण होते. प्रत्येक प्लेअरला नेटवर्क पोर्ट सक्तीचा, चित्रात चित्राची सोय सक्तीची, रीजनची (ठरावीक देशांच्या प्लेअरवरच डिस्क चालण्याची) कटकट नाही. ब्लू-रेचे सुरुवातीचे प्लेअर प्रोफाइल (नियमांची आवृत्ती) १.० चे, मग १.१, मग २.०, आणि बहुतेक जुन्यांना बीडी-लाइव्ह, म्हणजे इंटरनेटवरच्या जादा गोष्टी, मिळालंच नाही. आधी घेणाऱ्यांची पंचाईत केली.

थरावर_थर

मान्य. पण त्याने निकाल लागला नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला आणि ब्लू-रे प्लेअर न मागता घराघरात गेला. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओ एचडी डीव्हीडीकडे वळली तेव्हा पारडं फिरेल असं वाटलं होतं. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने फक्त ब्लू-रे जाहीर केलं आणि सहा-सात आठवड्यांत खेळ आटोपला. असो, मूळ प्रश्नाकडे.

तबकडीवाला

प्लेअरचं बोलू. फोर-के प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी वाचतोच, तेव्हा एकच पुरेल. एचडी डीव्हीडी यातला कुठलाच वाचत नाही.

माझी पसंती पॅनासॉनिक डीपी-यूबी८२०. एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचे दोन्ही प्रगत प्रकार आहेत, आणि त्याचा एचडीआर ऑप्टिमायझर टीव्हीच्या कुवतीनुसार अतिउजळ भाग आवरतो. टीव्ही फार प्रखर नसेल तर ढगांतला तपशील पांढऱ्यात बुडत नाही, हा फरक डोळ्यांना दिसतो. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ घेण्याचं एक ठोस कारण म्हणजे तो एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उच्च दर्जाच्या संगीत-डिस्क वाजवतो. पण त्यात डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावं लागतं. चालू ठेवून साधी एचडीआर१० डिस्क लावली तर तीही डॉल्बी व्हिजन म्हणून बाहेर पडते आणि रंग विचित्र दिसतात. दर डिस्कला मेनूत शिरायची तयारी असेल तरच घ्या.

गेम कन्सोल घरात असेल तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्क चालवतात, पण दोन्हींत डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन नाही. कॉम्प्युटरवर फोर-के डिस्क अधिकृतपणे बघण्याचा नाद सोडा. त्याला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागायची, ती डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून काढून टाकलीय.

रीजनबद्दल एक गैरसमज आहे. फोर-के डिस्कला रीजन नसतो हे खरं, पण फोर-के प्लेअरला असतो. त्यात ब्लू-रे घातली की ए, बी, सी लागू होतातच. ए म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया. सी म्हणजे भारत, चीन, रशिया, मध्य आशिया. तुमच्या ब्लू-रे कुठल्या आहेत ते डबीच्या मागे बघून मगच प्लेअर ठरवा.

काठावरचा_प्रेक्षक

जोडणी कशी करू? साउंडबारला एचडीएमआय इन एकच आहे.

तबकडीवाला

प्लेअर टीव्हीला, टीव्ही ईआर्कने साउंडबारला. हे चालतं, पण टीव्ही डीटीएस (आवाजाचा एक प्रकार) पुढे पाठवतो का ते तपासा. काही टीव्ही गाळतात. तसं असेल तर ८२० ला दोन एचडीएमआय आहेत: एकातून चित्र टीव्हीला, दुसऱ्यातून नुसता आवाज साउंडबारला. साधं आर्क असेल तर ट्रूएचडी (डॉल्बीचा पूर्ण दर्जाचा आवाज) त्यातून जातच नाही.

मग सेटिंग. टीव्हीवर त्या पोर्टचा 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' पर्याय चालू करा. कंपन्या तो बंद ठेवून देतात आणि लोक एचडीआर दिसत नाही म्हणून प्लेअर परत करतात. केबल १८ जीबीपीएसची. पोर्टला एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी सोय) हवं. आवाज बिटस्ट्रीमवर, म्हणजे प्लेअरने न उलगडता पुढे पाठवायचा. आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद, हे विसरू नका. ते चालू असलं की मेनूचे टिंगटिंग आवाज मिसळण्यासाठी प्लेअर मूळ आवाज उलगडून पुन्हा बांधतो आणि डॉल्बीचं चहूबाजूंच्या आवाजाचं अ‍ॅटमॉस गायब होतं. बीडी-लाइव्हही बंद करा, डिस्क लवकर सुरू होतात.

थरावर_थर

फोर-के डिस्क कोरी करकरीत असूनही थबकली तर घाबरू नका. १०० जीबीच्या डिस्कला तीन थर असतात आणि प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत जातो, त्यामुळे बोटाचा ठसाही पुरतो. कारखान्यातून चिकट पापुद्राही येतो कधीकधी. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि डिस्कवरच्या चुका-दुरुस्तीच्या संकेतांना तो झेपत नाही. यानंतरही तिथेच थबकली तर बदलून घ्या.

निळा_किरण

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. डिस्कचा दर्जा हा वादच नाही. स्ट्रीमिंगचा फोर-के साधारण १५ ते २५ एमबीपीएसवर येतो, डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. अंधाऱ्या दृश्यात पायऱ्यापायऱ्या दिसत नाहीत त्या याचमुळे. अडचण यंत्रांची आहे. ओप्पो २०१८ मध्ये थांबली, सॅमसंग २०१९ मध्ये, एलजीने २०२४ अखेर फोर-के प्लेअर बंद केले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. घरगुती खपाच्या मोठ्या नावांत पॅनासॉनिक आणि सोनी उरल्या. फोर-केच्या पुढची सिनेमाची डिस्क कुणी आणलेली नाही, आणि आणेल असं वाटतही नाही.

म्हणून आवडीचे सिनेमे डिस्कवर जरूर घ्या, पण संग्रह वाढवण्याआधी चांगला प्लेअर घ्या, आणि जमलं तर एक ब्लू-रे वाचणारा कॉम्प्युटर ड्राइव्हही. एचडी डीव्हीडीवाल्यांचं नेमकं हेच राहिलं: डिस्क भरपूर, वाचणारं काही नाही.

काठावरचा_प्रेक्षक

ठरलं. आधी एच२०एल शोधतो. जुना ड्राइव्ह घेताना विक्रेत्याकडून काय तपासून मागू?

मध्यरात्रीचा_खेळ

नुसतं 'ट्रे उघडतो' यावर विसंबू नका. डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडीचे लेसर वेगळे, त्यामुळे डीव्हीडी चालली म्हणजे निळा लेसर जिवंत आहे असं होत नाही. दोन थरांची एचडी डीव्हीडी घालून मेकएमकेव्हीत पूर्ण वाचलेल्याचा लॉग मागा. शेवटच्या २० टक्क्यांत वेग कोसळत असेल किंवा एरर येत असतील तर नको. एक्सबॉक्सवाला असेल तर अ‍ॅडॉप्टरसकट फोटो मागा.