मारुती ईको व्हॅनचा चार नंबरचा स्पार्क प्लग अडकलाय. इंजिनचं हेड न उतरवता निघेल का?

दुपारचा_डबा (सुदामा नगर, इंदूर)
नमस्कार मंडळी. आमची २०१४ची सीएनजी ईको आहे. डब्यांचा धंदा, गाडी रोज दहाला घरून निघते. गेला महिनाभर चढावर धक्के देत होती, म्हणून प्लग बदलायला मीच बसले. याआधी स्कूटरचा प्लग कैकदा बदललाय, त्यामुळे भीती नव्हती. सीट उलटी केली, एक, दोन, तीन निघाले. चार नंबर अगदी मागे, सीटच्या पत्र्याच्या कडेखाली. तिथे रॅचेट (दातेरी पाना) फिरायला चार बोटं जागा. गोटी (प्लगवर बसणारा पान्याचा पोकळ तुकडा) कशीबशी बसवली, पाव वळण फिरला, करकरला, आणि मग दगड! ना पुढे ना मागे.

जवळच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. तो न वाकताच म्हणाला, "हेड उतारना पड़ेगा." खर्च ऐकून मी गाडी ढकलत घरी आणली.

एक गोष्ट सांगून ठेवते. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्याकडे गेलो होतो, गाडीभर रंग झाला. वॉशिंगवाल्याने सीट उचलून आत प्रेशरचं पाणी मारलं. त्याचा काही संबंध असेल का? अक्षय तृतीयेला दोन लग्नांची ऑर्डर आहे. काय करू, आणि कोणतं हत्यार घेऊ?

छप्पनवाला
ताई, इम्पॅक्ट गन लावा. दोन सेकंदांत बाहेर.

पाना_पक्कड
भिया, दोन सेकंदांत बाहेर नक्की येईल. प्लगचं डोकं. आटे आतच.
ताई, हे ऐकू नका. माझ्या बाइकवर हाच पराक्रम करून झालाय. षट्कोन तुटून हातात आला, पोर्सेलिनचा चुरा झाला. मग ईझी-आउट (तुटलेला तुकडा काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोकला, तोही आत तुटला. शेवटी हेड खोलून पोलोग्राउंडला लेथवाल्याकडे नेलं आणि हेलीकॉईल (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेची गुंडाळी) बसवून घेतली. तीन आठवडे सिटी बसने फिरलो.

रामबागकर
थांबा सगळे. ताई, आधी चार प्रश्न. प्लग काढायला बसलात तेव्हा इंजिन गरम होतं का? तेल काही टाकलंत? पोर्सेलिन शाबूत आहे ना? आणि जे तीन निघाले त्यांचे आटे कसे दिसतात?

दुपारचा_डबा
काका, इंजिन चांगलंच गरम होतं, डबे पोचवून आल्या आल्या बसले. तेल नाही टाकलं. पोर्सेलिन ठीक दिसतंय. तिन्ही प्लगचे आटे काळे आहेत पण साबूत. दोन नंबरच्या विहिरीत, म्हणजे प्लगच्या खोल खड्ड्यात, थोडं तेल होतं. चार नंबरच्या विहिरीत तेल नाही, पण षट्कोनावर तांबूस गंज आहे.

रामबागकर
मग पाण्याचा संबंध आहेच. प्लग खोल विहिरीत बसतो, तिथे साचलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. वरून गंज धरतो. खालून, म्हणजे जळणाच्या बाजूने, आट्यांच्या टोकाला कार्बन बसतो. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचा सांगाडा पोलादी. दोन धातू, मध्ये ओल.

पिथमपूरला पंचवीस वर्षं इंजिनांत हात काळे केले, त्या हिशेबाने सांगतो. पाव वळण फिरला ही वाईट बातमी नाही. प्लगखाली वायसर (वॉशर) असतो. तो दाबून बसलेला असला की वरून कितीही तेल ओता, आट्यांपर्यंत थेंब जात नाही. लोक चार दिवस विहीर भरून ठेवतात आणि म्हणतात तेलाने फरक पडत नाही. तुमचा वायसर आता सुटलाय. आता तेल आत जाईल.

करायचं असं. सीएनजीच्या टाकीचा हाताचा वॉल्व बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. विहिरीत हवा मारा, कचरा उडवा, नाहीतर प्लग निघाल्यावर तो थेट सिलेंडरमध्ये. हवा मारताना चष्मा घाला. मग प्लग थोडासा परत आवळायचा प्रयत्न करा, वायसर पुन्हा दाबला जाईल इतका नाही. हो, आवळायचा. आट्यांत अडकलेला कण आला त्या वाटेने मागे जाऊ द्या. तोही हलेना तर जोर करू नका. जंग सोडवणारं तेल टाका. डब्ल्यूडी-४० चालेल, आमचे जुने मिस्त्री रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून टाकायचे. चमचाभर पुरे. रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी सोडायच्या दिशेने अगदी थोडं, घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं सरकतात तेवढं. अडला की मागे. पुन्हा तेल. कर्र आवाज आला म्हणजे धातू धातूला खातोय, तिथेच थांबा.

छप्पनवाला
काका, पण गरम इंजिनात प्लग सैल होतो ना? ॲल्युमिनियम जास्त फुगतं म्हणे.

रामबागकर
फुगतं, पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून भोक थोडं मोठं होतं, हे खरं. पण गरम ॲल्युमिनियम मऊही असतं, आणि त्याचे आटे पोलादापुढे लोण्यासारखे सोलले जातात. ताईंनी डबे पोचवून आल्या आल्या पाना लावला, तिथेच थोडं चुकलं. साधा प्लग थंड इंजिनातच काढावा. अडकलेल्यासाठी मी कोमट वापरतो. हेडवर तळहात निवांत ठेवता आला पाहिजे.

छप्पनवाला
एक जण सांगत होता, प्लग थोडा सैल करून गाडी स्टार्ट करायची, कॉम्प्रेशनच ढकलतं बाहेर.

रामबागकर
सीटखाली इंजिन, सीएनजी चालू, सैल प्लगमधून गॅस आणि ज्वाळा, वर बसलेली माणसं. नको रे बाबा.

पाना_पक्कड
हत्याराबद्दल मी सांगतो, काकांना टंकायचा कंटाळा येईल. १६ मिमीची प्लगगोटी, आत रबर किंवा चुंबक असलेली. पातळ भिंतीची घ्या, जाड गोटी विहिरीत अडते. ३/८ ड्राइव्हचे दोन छोटे रॉड, एक लांब रॉड घेऊ नका. मुद्दा असा की पत्र्यामुळे जोडलेला लांब दांडा आत शिरत नाही. म्हणून आधी नुसती गोटी विहिरीत सोडा, मग तिच्यावर पहिला रॉड, मग दुसरा, मग रॅचेट. काढतानाही एकेक सुटं करत. रॅचेट बारीक दात्यांचं, ७२ दात्यांचं मिळालं तर उत्तम, कारण तुमच्याकडे फिरवायला जागाच नाही. ७२ दाते म्हणजे दर पाच अंशाला पकड.

युनिव्हर्सल जॉइंट लागेलच. पण तो गोटीच्या डोक्यावर लगेच लावू नका. विहिरीच्या बाहेर आला पाहिजे, दोन रॉडच्या मध्ये. गोटीवरच लावला की जोर तिरका पडतो आणि पोर्सेलिन तडकतं. हे सगळं सियागंजला एका चकरेत मिळेल. स्वस्तातली गोटी मात्र नको, तिचे कोन गोल होतात आणि प्लगचेही करतात.

दुपारचा_डबा
पहिला दिवस: आवळायच्या दिशेने हलला! केसभर, पण हलला. तेल टाकून ठेवलंय. आमचे हे विचारतात, "सोडवायला बसलीस की आवळायला?"

दुपारचा_डबा
दुसरा दिवस: पुढे-मागे, पुढे-मागे. अर्धा तास. एकूण अर्धं वळण झालं असेल. दर वेळी काळा चिखल वर येतोय. हात दुखतायत, पोळ्या शेजारच्या काकूंनी लाटल्या.

रामबागकर
काळा चिखल म्हणजे कार्बन सुटतोय. फडक्याने टिपून घ्या, नवं तेल टाका. चंदेरी चूर दिसला तर सांगा.

दुपारचा_डबा
निघाला!!! तिसऱ्या संध्याकाळी, दीड वळणानंतर एकदम हलका झाला आणि हाताने फिरायला लागला. मी ओरडले तर शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.
पण काका, खालच्या दोन आट्यांत चंदेरी चकाकी आहे. हेडचे आटे गेले का?

रामबागकर
अभिनंदन. दोन आट्यांत चकाकी म्हणजे थोडं खरवडलंय. एकोणीस मिमीच्या लांबीत दोन आटे गेले तर बाकीचे धरतात. पण तपासा.

एक जुगाड सांगतो. तीन जुन्या प्लगांपैकी एक घ्या, आधी चारच्या प्लगशेजारी उभा धरून आट्यांची लांबी सारखी आहे याची खात्री करा. मग हॅकसॉने त्याच्या आट्यांवर उभे चार चर पाडा, कडा घासून घ्या. चरांत ग्रीस भरा. हाताने हळूच भोकात फिरवा, पुन्हा बाहेर काढा, ग्रीस पुसा, पुन्हा भरा. आटे साफ होतात आणि चूर ग्रीसमध्ये चिकटून वर येतो. नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घेतला तर तो नवीन आटे कापायला बघतो, हा फक्त जुने साफ करतो.

नवा प्लग बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा त्याच्या वरच्या टोकाला खोचा आणि नळीनेच फिरवा. वाकडा बसायला लागला की नळी घसरते. पाना लावलात तर पाना वाकड्यालाही सरळ समजून आत घालतो.

पाना_पक्कड
आणि आट्यांना कॉपर ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी...

रामबागकर
लावू नका. मुलामा दिलेल्या प्लगला बनवणारे स्वतःच नको म्हणतात. ग्रीसने घर्षण कमी होतं, टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा) तेवढाच आकडा दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियमला तेच मारतं.

पाना_पक्कड
माझ्या बाइकला सहा वर्षं लावतोय, काही झालं नाही.

रामबागकर
हेलीकॉईल तुमच्याच बाइकला बसली ना?

छप्पनवाला
😂

दुपारचा_डबा
मग किती आवळायचं? टॉर्क पाना नाही माझ्याकडे.

रामबागकर
१४ मिमीच्या वायसरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर. एका वितीपेक्षा थोड्या मोठ्या दांड्यावर, म्हणजे २५ सेंटिमीटरवर, दहा किलोचा जोर म्हणजे २५ झालेच. दुसरा मार्ग: हाताने टेकेपर्यंत, मग नवा वायसर असेल तर अर्धं ते पाऊण वळणाच्या आत. जुना वायसर असेल तर वळणाचा बारावा भाग, बस.

बसवण्याआधी चारही प्लग बाहेर असताना, गॅस बंद, पेट्रोल इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढलेले, भोकांवर फडकं टाकून दोन सेकंद स्टार्टर मारा. आत गेलेलं तेल उडेल.

दुपारचा_डबा
केलं. फडकं फेकून द्यावं लागलं. प्लग नळीने बसवला, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा सरळ गेला. स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं गल्लीभर पांढरा धूर, मग साफ. काल तेजाजी नगरच्या चढावर सगळे डबे घेऊन गेले, एकही धक्का नाही.

पण काका, दोन नंबरच्या विहिरीत पुन्हा तेल आलंय. टॅपेट कव्हरचं सील गेलं असेल का? नवा धागा काढू की इथेच विचारू?

रामबागकर
नवा काढा. आणि अक्षय तृतीयेनंतर काढा, तोपर्यंत रोज फडक्याने टिपा.