तालुक्याच्या कॉलेजातून उन्हाळी संशोधनाची संधी: ईमेलला उत्तरं येत नाहीत, काय करावं?

डरहॅमनळी:
एस.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे, मराठवाड्यातलं तालुक्याचं अनुदानित कॉलेज. सीजीपीए ८.१. येत्या मे-जूनमध्ये एखाद्या चांगल्या लॅबमध्ये काम करायचंय. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल केले, कुणाचंच उत्तर नाही. आमच्या डिपार्टमेंटला ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर, कॉलनी काउंटर आणि एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, पीसीआर वगैरे काही नाही. अर्ज नेमके कुठे आणि कधी करायचे? हातात आधीचं काहीच काम नसताना घेतील का? एका संस्थेने 'रिसर्च इंटर्नशिप' म्हणून ६ हजार रुपये मागितलेत, सर्टिफिकेट देतात म्हणे. भरावेत का?

पिपेट_पाटील:
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो: भरू नका. सरकारी संस्थाही कधी कधी प्रोजेक्टच्या विद्यार्थ्याकडून बेंच फी (लॅब वापरण्याचं शुल्क) घेतात, पण ती नियमावलीत लिहिलेली असते, पावती मिळते आणि त्याआधी एखाद्या शास्त्रज्ञाने तुम्हाला नावानिशी होकार दिलेला असतो. आधी पैसे, मग 'मेंटर अलॉट होईल' असं म्हटलं की समजून जायचं. असलं सर्टिफिकेट निवड समितीत कुणी बघतही नाही.

आता वेळापत्रक. मोठी उन्हाळी फेलोशिप म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांची (बंगळुरूची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी). तिचा अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. बरेच जण मार्चमध्ये जागे होतात, तोवर ती गाडी गेलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, बंगळुरूच्या जेएनसीएएसआरची (जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र) समर फेलोशिप, भौतिकशास्त्रवाल्यांसाठी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम. आयसर आणि आयआयटीवाले बहुधा त्यानंतर. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात आणि कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात तेही विषयागणिक बदलतं, म्हणून जाहिरातीचं पीडीएफ शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं.

तुमच्या विषयाला पुण्यात तीन ठिकाणं आधी बघा: एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, त्यांचंच नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स), आघारकर संशोधन संस्था, आणि एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह. तिघांकडेही सूक्ष्मजीव जपण्याचं, ओळखण्याचं काम बारमाही चालतं. तिथे स्ट्रीकिंग, ग्रॅम स्टेनिंग आणि सीरियल डायल्यूशन नीट येणारा हात उपयोगी पडतो, आणि तेवढं तुमच्या कॉलेजात पक्कं होऊ शकतं.

एक अडचण हमखास येते. हे कार्यक्रम सलग सहा ते आठ आठवडे मागतात आणि आपल्याकडची सेमिस्टर परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबते. प्रॅक्टिकलच्या तारखा विचारून घ्या, अर्जात उपलब्धतेच्या तारखा खऱ्या लिहा आणि प्राचार्यांचं ना हरकत पत्र आधीच काढून ठेवा. निवड झाल्यावर 'मॅडम, परीक्षा आहे, तीन आठवडे उशिरा येतो' म्हणालात तर जागा दुसऱ्याला जाते.

तळटीप:
ईमेलबद्दल मी लिहिते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब' अशी पत्रं प्रत्येक लॅबला ढिगाने येतात. त्यातली निम्मी मॅडमना 'सर' म्हणून आलेली असतात. एकच मजकूर सगळ्यांना गेलाय हे दुसऱ्या ओळीत कळतं आणि पत्र तिथेच संपतं.

चालणारं पत्र १२०-१५० शब्दांचं असतं. विषयाच्या ओळीत वर्ष, विषय आणि महिने: 'एस.वाय. मायक्रोबायोलॉजी, मे-जून प्रोजेक्टबाबत'. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्यांच्या एका पेपरमधली एक नेमकी गोष्ट आणि तुमचा प्रश्न. स्तुती नको. उदाहरणार्थ: 'आपल्या पेपरमध्ये मातीतले ॲक्टिनोमायसिटीज वेगळे करताना नमुना आधी कोरडा करून तापवला आहे. काळ्या चिकणमातीत ढेकळं राहून उष्णता आतपर्यंत सारखी पोचत नसेल, तर तापमान वाढवता की वेळ?' असा प्रश्न सुचायला पेपरचा 'मटेरियल्स अँड मेथड्स' भाग दोनदा वाचावा लागतो. सारांश वाचून तो सुचत नाही. मग दोन वाक्यांत तुम्ही स्वतःच्या हाताने काय केलंय, शेवटी तारखा, आणि राहण्याची सोय स्वतः करणार असाल तर तसं स्पष्ट. सोबत एक पानी सीव्ही, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. 'न्यू डॉक्युमेंट फायनल २' नाही.

एका वेळी एकाच विभागातल्या दोघांना पाठवू नका, ती माणसं दुपारचा चहा एकत्र पितात. आठ-दहा दिवसांनी त्याच साखळीत एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. उत्तर न येण्याचं कारण बऱ्याचदा तुम्ही नसता: लॅबमध्ये जागा नसते, प्रोजेक्टचा निधी संपत आलेला असतो, किंवा संस्था फक्त अधिकृत कार्यक्रमातूनच मुलं घेते.

शिफारसपत्राचंही इथेच सांगते. बहुतेक पोर्टलवर पत्र विद्यार्थ्याने जोडायचं नसतं, लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर जाते. सर ईमेल उघडत नाहीत, लिंक स्पॅममध्ये पडते आणि अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाद होतो. शेवटच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी सरांसमोर बसून लिंक आली का ते बघा. त्यांना अर्ध्या पानाचा मजकूर द्या: कोणतं प्रॅक्टिकल, काय केलं, काय बिघडलं आणि कसं सुधारलं. नाहीतर पत्रात 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' एवढंच येतं.

आगर_आगर:
'आधीचं काही काम नाही' याचा इलाज तुमच्याच विहिरींमध्ये आहे. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत उतरा. २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने चालते. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य अशा पायऱ्या, पदवी स्तराचा गट वेगळा. जिंकलात-हरलात हा भाग नंतरचा. दोन महिन्यांचा स्वतःचा डेटा हातात येतो आणि तळटीप म्हणतात त्या 'स्वतःच्या हाताने काय केलं' या ओळीत लिहायला काहीतरी मिळतं.

तुमच्याकडच्या साधनांत बसणारा विषय: पाच विहिरींच्या पाण्यातले कोलिफॉर्म (घाण पाणी मिसळल्याची खूण असलेले जीवाणू), एमपीएन पद्धतीने (किती नळ्यांत जीवाणू वाढले त्यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज), आणि शोषखड्ड्यापासूनच्या अंतराशी त्याचा काही संबंध दिसतो का. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकानुसार १०० मिलीमध्ये कोलिफॉर्म सापडताच कामा नये, त्यामुळे तुलनेला आधार तयार आहे.

एका नमुन्याला १५ नळ्या: १० मिली, १ मिली आणि ०.१ मिली, प्रत्येकी पाच. १० मिलीच्या नळ्यांत मॅकॉन्की ब्रॉथ (जीवाणू वाढवायचं द्रव माध्यम) दुप्पट तीव्रतेचा, नळीमागे १० मिली. नमुना तेवढाच पडतो आणि माध्यम आपोआप योग्य तीव्रतेवर येतं. साध्या तीव्रतेचा भरलात तर पातळ होऊन निकाल फसतो. बाकी दहा नळ्यांत साधा ब्रॉथ, १० मिली. म्हणजे पाच विहिरींच्या एका फेरीला ७५ नळ्या, २५० मिली दुप्पट आणि ५०० मिली साधा ब्रॉथ. थोडा जास्तच करा, सांडतो. दहा विहिरींचा मोह टाळा, लहान ऑटोक्लेव्हमध्ये तेवढ्या नळ्या एका वेळी बसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ डरहॅम नळीत, म्हणजे गॅस पकडायला ब्रॉथमध्ये उलटी ठेवलेल्या छोट्या नळीत होतो (तुमचं नावच ते आहे म्हणून माहीत असेल). ऑटोक्लेव्हचा दाब शून्यावर येण्याआधी वाफ सोडली की ब्रॉथ उसळतो आणि आतल्या उलट्या नळीत हवा अडकते. दुसऱ्या दिवशी तोच बुडबुडा 'गॅस' म्हणून मोजला जातो. नमुना घालण्यापूर्वी प्रत्येक नळी उजेडासमोर धरून बघा, बुडबुडा असेल ती बाजूला. ३७ अंशांवर २४ तासांनी वाचन, निगेटिव्ह नळ्या पुन्हा ४८ तासांनी. प्रत्येक फेरीत निर्जंतुक पाण्याची एक नळी आणि ई. कोलायची एक नळी ठेवायचीच. परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतात. आणि गॅस दिसला म्हणजे फक्त 'प्रिझम्प्टिव्ह' (प्राथमिक अंदाज), पुढे बीजीएलबी या दुसऱ्या ब्रॉथमध्ये खात्री केल्याशिवाय पोस्टरवर 'कोलिफॉर्म आढळले' असं लिहू नका.

नमुना निर्जंतुक बाटलीत, वर थोडी जागा सोडून, बर्फावर, शक्यतो सहा तासांच्या आत लॅबमध्ये. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकत असतील तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतं आणि घाण विहीर कागदावर स्वच्छ दिसते.

एकाच दिवशी एकदाच नमुने घेऊन निष्कर्ष काढला की पोस्टर पडतं. किमान तीन फेऱ्या, आठवड्याच्या अंतराने. पाच विहिरींवरून 'अंतर वाढलं की प्रदूषण कमी होतं' असं ठोकून सांगू नका, 'असा कल दिसतो' म्हणा. विहिरीची खोली, कठडा, जनावरांचा वावर यांच्या नोंदी ठेवा, प्रश्न तिथून येतात.

तळटीप:
वरच्यात एक भर: नोंदवही तारीखवार, पेनाने, खोडरबर नाही. बिघडलेली फेरीही लिहायची. मुलाखतीत ती वही समोर ठेवली की पुढचे प्रश्न वहीवरच होतात आणि ते तुम्हाला येतात.

डरहॅमनळी:
खूप मदत झाली. पेपर वाचायला गेलं की पैसे मागतात, कॉलेजला जर्नल नाहीत. दुसरं, एक सर म्हणतात की आविष्कारचं काम एखाद्या जर्नलमध्ये पैसे भरून छापून टाक, सीव्हीला चांगलं. आणि पदवी चौथ्या वर्षापर्यंत न्यावी का?

पिपेट_पाटील:
जर्नल: केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, खासगी व्यवस्थापनाचं अनुदानित कॉलेज त्यात धरू नका. तुमच्या ग्रंथपालांना इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टबद्दल (कॉलेजांसाठीची ई-जर्नलची सेवा) विचारा. बऱ्याच कॉलेजांनी वर्गणी भरलेली असते आणि विद्यार्थ्यांना लॉगिन कधी वाटलेलंच नसतं. तेही नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस बसून हवे ते पेपर उतरवून घ्या. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत, आणि पद्धती समजायला प्रबंध पेपरपेक्षा बरे, कारण त्यात सगळं सविस्तर असतं.

पैसे भरून छापण्याचं: नको. तीन दिवसांत 'स्वीकारलं' असं कळवणारं जर्नल सीव्हीवर दिसलं की जाणकार माणूस उलट सावध होतो. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे' ही सबबही राहिली नाही.

चौथं वर्ष: 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. पण त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक हवेत. तालुक्याच्या कॉलेजात हेच अडतं, आधी तेवढं विचारा. नसतील तर तिसऱ्या वर्षानंतर एम.एस्सी. बरी. राज्याच्या नव्या आराखड्यात तिच्या दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि पुढच्या दोन सेमिस्टरला संशोधन प्रकल्प आहेच.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर तेही सांगा. वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात आणि प्रकल्पाचा अहवाल व मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

मोडीवाचक:
विषयांतर होतंय, पण कला शाखेचंही कुणी वाचत असेल. आपल्याकडे उन्हाळी फेलोशिप फार नाहीत, त्यामुळे थेट दफ्तरखान्यात जायचं. मुंबईचं राज्य अभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर, भांडारकर संस्था. कॉलेजच्या लेटरहेडवर विषय आणि कालखंड लिहिलेलं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. 'मराठ्यांचा इतिहास' असा विषय लिहिलात तर तिथला माणूस काय काढून देणार? 'अमुक परगणा, अमुक दशक, महसूल' असं लिहा. मोडी येत असेल तर इतिहासाच्या कुठल्याही प्राध्यापकाला तुमची गरज आहे.

डरहॅमनळी:
इन्स्पायर नाही. विहिरींचं पक्कं केलं, सरही हो म्हणाले. बीजीएलबी डिपार्टमेंटला नाही, मागवावं लागेल.

आगर_आगर:
छोटी बाटली मिळते का बघा, नाहीतर विद्यापीठाच्या विभागातून ५० ग्रॅम मागून आणा, सरांनी फोन केला तर देतात. पावडर ओल शोषून घट्ट होते, झाकण लगेच लावत जा. आणि पहिली फेरी विहिरीवर जाण्याआधी नळाच्या पाण्यावर करून बघा, ७५ नळ्या भरायला किती वेळ लागतो ते त्याशिवाय कळत नाही.