हातपट्ट्या, बॅग आणि घंटा: बॉक्सिंगबद्दल थोडं

बॉक्सिंग शिकणारे विचारतात, १२ औंसाचे ग्लोव्हज असताना आत हाताला कापडी पट्टी कशाला? ग्लोव्हज मार झेलतात. मनगट आणि तळहाताची बारीक हाडं जागेवर धरायचं काम पट्टीचं. मोठ्या माणसाला साडेचार मीटरची, किंचित ताणणारी घ्यावी. पट्टीच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवून ती हाताच्या पाठीवरून न्यायची. मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरी, अंगठा, उरलेली पुन्हा मनगटावर. हे सगळं बोटं पूर्ण फाकवून. मिटलेल्या बोटांवर बांधली तर मूठ वळताच आवळते आणि हाताला मुंग्या येतात.

स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, १६ औंसाची वेगळी जोडी हवीच. ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेवर वापरून ग्लोव्हजचं पॅडिंग चेपतं, आणि ते समोरच्याच्या तोंडाला कळतं!

गल्लीतल्या जिममधली बॅग खाली दगडासारखी घट्ट आणि वर पोकळ का होते? भरण हळूहळू तळाशी बसतं म्हणून. सुटी वाळू तर नकोच. चिंध्या थराथराने ठासून भरा, अधूनमधून उपसून पुन्हा भरा.

मोठ्या शहराची वृत्ती जिममध्ये कुठे दिसते, तर ती फेरीच्या घंटेत. तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, आणि घड्याळ सगळ्यांना एकच. न्यूयॉर्कची ग्लीसन्स जिम १९३७ साली ब्राँक्समध्ये सुरू झाली, आज ती ब्रुकलिनमध्ये आहे. तिथेही व्यावसायिक बॉक्सर आणि ऑफिस सुटल्यावर येणारा हौशी एकाच छताखाली घाम गाळतात.